आधीचे पाळक काहून गेले

आमच्या चर्चचे जुने पाळकसाहेब एका रविवारी गेले. उपासना संपली, त्यांनी आशीर्वाद दिला, गळ्यातला कापडी पट्टा काढून घडी घातली आणि वेदीवर ठेवला. मग पत्नीला घेऊन ते फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ऑटोत बसले. चर्चने दिलेल्या बंगल्यातलं सामान आधीच हललं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. अकरा वर्षं ते आमच्याकडे होते. कुणाला सलाम म्हणायलाही थांबले नाहीत.

भंडाऱ्यातली आमची मंडळी लहान आहे. पस्तीस-चाळीस घरं. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे, पुढे ते ख्रिस्ती झाले आणि चर्चच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिले. त्याच घरात मी राहते; मुलगी तेव्हा माझ्यासोबतच होती. शाळेत शिकवत असल्यामुळे माझं अक्षर आणि माझी भाषा बरी समजली जाते, म्हणून मंडळीच्या कमिटीचं सेक्रेटरीपद बरीच वर्षं माझ्याकडेच आहे.

कमिटीचे अध्यक्ष पितळवाले काका. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, तेव्हा ते मुलगा सांभाळायचा. पंच्याहत्तरी ओलांडली तरी ताठ चालायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. चर्चच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांचं घर आणि चर्चचं आवार यांच्यामध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक लहान दार. त्या दारापासून वीस पावलांवर आवारातली विहीर.

पाळक जाण्याच्या तीन आठवडे आधी काकांची सून त्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सगळ्यांनी म्हटलं. पोलीस आले, कागद झाले, दफन झालं. विहिरीचा कठडा माझ्या छातीपर्यंत येतो, हे मला दफनाच्या वेळीही आठवलं होतं. मी ते कुणाजवळ बोलले नाही.

बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. नवा पाळक हवा असेल तर कमिटीने आधी मंडळीची ओळख लिहून पाठवायची. मग कचेरी नावं सुचवणार. एकेक पाळक येऊन रविवारी उपदेश करणार, कमिटीशी बोलणार, आणि दोन्हीकडून होकार आला तर कमिटीने सह्या करून बोलावण्याचं पत्र द्यायचं. सोबत एक छापील फॉर्म होता. घरं किती, रविवारी किती जण येतात, शाळा-वसतिगृह आहे का, राहायची सोय काय. आणि त्याखाली एक प्रश्न, आधीचे पाळक का गेले.

आम्ही पाच जण चर्चच्या मागच्या खोलीत बसलो होतो. काका, मी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, एसटीतले एक कंडक्टर आणि एक तरुण वकील. मी प्रश्न मोठ्याने वाचला. कंडक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

काका म्हणाले, “घरगुती कारण लिहा, बाई.”

“त्यांनी तसं सांगितलं का?” वकिलाने विचारलं.

“पोराचं शिक्षण आहे त्याइचं. मले मालूम आहे.”

मी लिहिलं, ‘घरगुती कारणांमुळे.’ माझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

पहिले पाळक हिवाळा सुरू होता होता आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. उपदेश चांगला झाला. दुपारी काकांच्या घरी जेवण होतं. जेवल्यावर ते आवार बघायला निघाले, मी सोबत होते. विहिरीपाशी ते थांबले. वर लोखंडी जाळी होती, वेल्डिंग इतकं ताजं की सांध्यांना रंगही लागला नव्हता.

“एवढा उंच कठडा असताना जाळी कशाला?” त्यांनी विचारलं.

काका मागून आले होते ते मला कळलंच नव्हतं. “पाला पडते जी,” ते म्हणाले.

पाळकांनी वर पाहिलं. विहिरीवर एकही झाड नव्हतं. आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं, ‘प्रार्थनेअंती मला तुमच्याकडे येण्याचं देवाचं पाचारण जाणवत नाही.’

दुसरे तरुण होते, नुकतंच लग्न झालेलं. त्यांना आमची मंडळी आवडली, ते तिथेच हो म्हणाले. त्यांची पत्नी बंगला बघत होती तेव्हा दूधवाली आली आणि दोघी मागच्या ओट्यावर बराच वेळ बोलत बसल्या. परत आली तेव्हा त्या मुलीचा चेहरा उतरलेला होता. तिने मला एवढंच विचारलं, “ताई, ती माझ्याच वयाची होती का?” मी हो म्हणाले. चार दिवसांनी तरुण पाळकांचा फोन आला. बायकोची तब्येत, दुसरीकडची सोय, असं काहीबाही सांगून त्यांनी नकार कळवला.

त्या आठवड्यात काका माझ्याकडे आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. मी पाणी दिलं, त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

“बाई, मंडळीतून कोणी तरी बोलून राहिलं आहे.”

“दूधवाली बोलली म्हणे.”

“दूधवाली आता येत नाही आपल्या गल्लीत.” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या पोरीचं लग्न आहे ना उन्हाळ्यात? चर्चमधीच करायचं म्हणता. तीन रविवार पुकार लागते लग्नाची. कोणाची हरकत असन तर उभं राहून सांगता येते. कोणाले हरकत राहू नये बा, एवढंच मनतो मी.”

त्यांनी पेला तसाच भरलेला खाली ठेवला आणि गेले. मी बराच वेळ दाराला कडी घालून बसले. भर दुपार होती, गल्लीत माणसं होती, तरी मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि लाखनीची बस पकडली. आमचे जुने पाळकसाहेब तिथे मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसतात, असं ऐकलं होतं. खरंच बसले होते. हायवेवरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर आमचं बोलणं थांबायचं आणि धूळ खाली बसली की पुन्हा सुरू व्हायचं. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

“फॉर्म आला असेल,” ते म्हणाले. “काय लिहिलं?”

“घरगुती कारण.”

त्यांनी मान हलवली. मग न विचारताच सांगायला लागले. मरायच्या पंधरा दिवस आधी काकांची सून त्यांच्याकडे आली होती. म्हणाली, नवरा मारतो, सासरे बाहेरून दार लावतात आणि तिथेच बसून बायबल वाचतात. मला इथून काढा. पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, धीर धर म्हणाले, आणि स्वतः तिला त्या लहान दारापर्यंत सोडून आले.

“दफनाच्या पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. काका पहिले आले, हात पुढे केले. सगळं कळत असूनही मी भाकर ठेवली त्यांच्या हातावर.” ट्रक गेला. “त्यानंतर दोन रविवार कसे काढले ते मलाच माहीत. मी भित्रा माणूस आहे, बाई. मला निघून जाणंच जमलं.”

तेव्हा मीही त्यांना सांगितलं. तोपर्यंत मी हे माझ्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. काकांची सून माझ्याकडेही आली होती. त्याच दिवसांत, दुपारची. फाटक धरून उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, दोन दिवस तुमच्याइथं राहू का?” अंगावर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज होता, त्या उकाड्यात. मी म्हणाले, “अगं, राह ना. पण आधी सासऱ्यांना विचारून ये.”

ती हसली. मग परत गेली. तिने विचारलं की नाही, मला माहीत नाही.

पाळकसाहेबांनी माझं सांत्वन केलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिसरं नाव एका बाईचं आलं. आमच्याकडे बाई-पाळक कधी आली नव्हती. काका म्हणाले, “येऊ द्या, पाहून घेऊ.” त्यांना वाटलं असावं की ही सोपी पडेल. ती एकटीच एसटीने आली, खांद्याला कापडी पिशवी. चाळिशीची, ठेंगणी, आवाज जरा घोगरा. उपदेश साधा केला. जेवायला काकांकडे चला म्हटलं तर म्हणाली, “आधी कमिटी, मग जेवण.”

मागच्या खोलीत बसल्यावर तिने आमचा फॉर्म टेबलावर ठेवला. “यात घरगुती कारण लिहिलंय. कुणाच्या घरातलं?”

काका म्हणाले, “त्याइच्या पोराचं शिक्षण.”

“त्यांना मूलबाळ नाही. आम्ही एका वर्गात शिकलो.” हे आम्हा पाचही जणांना अकरा वर्षं माहीत होतं.

मला वाटलं, आता वकील बोलेल. तो नखं पाहत होता. आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला. मी फाटकापासून सांगायला सुरुवात केली आणि लाखनीपर्यंत सगळं सांगितलं. काकांकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर थांबले असते.

“बाईची तब्येत बरी नाही,” काका मऊ आवाजात म्हणाले. “पोरीच्या लग्नाचं टेन्शन आहे.”

“तब्येत बरी आहे तिची.” नर्सबाई बोलल्या. त्या कमिटीत कधीच बोलत नसत. “दफनाआधी आंघोळ मी घातली होती त्या पोरीले. दोन्ही मनगटांवर वळ होते. दोरीचे. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, बाहेर काढताना लागले. मी चूप राहिली. मेलेल्या माणसाले असे वळ येत नाही, तीस वर्षं नोकरी केली मी.”

काका जागेवरून हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं गिऱ्हाईक भाव करत असेल आणि आपण त्याच्या जाण्याची वाट पाहावी, तसे ते आमच्याकडे बघत होते.

पाळकबाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “हे दुरुस्त करा. मग बोलावलंत तर मी येईन.”

मी ओळ खोडून खाली नवी लिहिली. बोलावण्याच्या पत्रावर सर्वांत आधी सही कुणी केली असेल तर काकांनी. खिशातून स्वतःचं पेन काढून, ठळक. “या,” ते तिला म्हणाले. “भंडाऱ्याचं पाणी सगळ्याइले मानवत नाही, पण या.”

ती आली. नर्सबाई आणि मी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिले. तिथल्या साहेबांनी लिहून घेतलं, इतके दिवस काय करत होतात असं विचारलं. महिन्याभरात काकांचा मुलगा रायपूरकडे कामाला म्हणून निघून गेला, अजून परतलेला नाही. तपास चालू आहे, एवढंच सांगतात. माझ्या मुलीच्या लग्नाची पुकार तीनही रविवार लागली. कुणी उभं राहिलं नाही, पण लग्नाला अर्ध्या घरांतून कुणी आलं नाही. दूधवालीने मात्र लग्नाच्या सकाळी खरवस पाठवला.

पाळकबाईंनी काकांना घरी जाऊन सांगितलं की तपास पुरा होईपर्यंत प्रभुभोजनाला पुढे येऊ नका. ते येत नाहीत. पण दर रविवारी पहिल्या बाकावर असतात, पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत तिच्याकडे बघत. उपदेश करताना ती हल्ली मधेच एखादा शब्द विसरते.

गेल्या आठवड्यात कंडक्टर माझ्याकडे एक कागद घेऊन आले. बिशपांना अर्ज होता, या पाळकबाई मंडळीत फूट पाडतात, त्यांची बदली करावी. खाली सह्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण जागा फार उरली नव्हती. वकिलाची होती. कंडक्टरांचीही होती.

“सेक्रेटरीची लागते,” ते खाली पाहत म्हणाले. “नाही तर बिशपसाहेब घेत नाही.”

“आणि मी नाही केली तर?”

“काका मनले, बाईले घाई नका करू. ते एकट्या राहतात आता, पोरगी गेली सासरी. विचार करू द्या.”

कागद त्यांनी माझ्याजवळ ठेवला आहे. येत्या रविवारी बिशपांचा माणूस मंडळीशी बोलायला येणार आहे. मी नर्सबाईंना सांगितलंय, तोवर माझ्याकडे येऊन राहा. त्या काल पिशवी घेऊन आल्या. कुणाला विचारून आल्या नाहीत.