आधी कुणी खायची?

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से मात्र साचतच जातात! साठच्या दशकात मी अलिबागजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते, तेव्हाचे हे.

मुंबईहून रेवसच्या लाँचने एका नव्या गोळीची पेटी आली. गर्भपिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं आणि पाळीत बाई तळमळते, त्या दुखण्यावरची ही गोळी आम्ही तपासून बघायची होती. डॉक्टरीणबाई ठणकावून म्हणाल्या, "चालणार म्हणजे चालणार!"

०

पहिली आली मिठागरात राबणारी जनाबाई. सोबत सासू. सासूने आल्या आल्या निकाल दिला, "नाटकं हायत सगली! पावसाल्यापर्यंत बरी न्हाय झाली तर माहेरी धाडनार." मला तिचा असा राग आला!

बाईंनी जनाबाईला विचारलं, "थोडं दुखतं, मध्यम, की फार?"

"बाय, इचू चावला तवा मी मीठ वढत व्हते. ह्यात मना उभं ऱ्हावत न्हाय."

बाईंनी 'फार' लिहिलं.

०

निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच, पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते सांगायचं नाही. लवकरच विहिरीवर बोभाटा झाला, काहींना गुण येतो, काहींना नाही! कोळीवाड्यातल्या बायकांनी सगळ्या गोळ्या सुपात ओतल्या आणि मासळीसारखे सारखे वाटे केले.

"एकीला पापलेट न् दुसरीला बोंबील, आमच्यात चालत न्हाय!"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या बायकांची तपासणी पहिल्यापासून सुरू केली.

०

गोळीने पाळीच थांबायची. एकजण तक्रार घेऊन आली. "दुखनं गेलं, बरा झाला. पन चार दिस बाजूला बसायचे, तेवराच आराम व्हता. आता सासू महिनाभर राबवते!"

यावर बाईंकडे गोळी नव्हती.

०

जनाबाईला पहिल्या महिन्यात काडीचा फरक नाही, पुढे मात्र एकदम उतार! पाऊस तोंडावर आला तेव्हा ती खडखडीत होती. बाईंना हे कोडं सुटेना. त्यांनी सासूला बोलावलं.

"पहिल्या महिन्यात जनाबाईने गोळ्या घेतल्या होत्या ना?"

"तिनं? न्हाय!"

"मग गेल्या कुठे?"

"मी खाल्ल्या."

बाई खुर्चीतून उठल्याच! "तुम्ही? कशाला?"

सासूने पदर खोचला. "नवी गोली, कोनी खाल्लेली न्हाय. तपासायला काय माझीच सून गावली? आधी मी खाल्ली. मेले न्हाय, मंग तिला दिली!"