कुमुदआत्याच्या बाटल्या

कुमुदआत्याची आणि माझी शेवटची भेट भांडणातच झाली, म्हणजे नेहमीसारखीच. तिच्या मलकपेठच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं, तर ऐंशीला टेकलेली ही बाई स्टुलावर उभी! “आत्या, उतर आधी, हाडं मोडतील,” मी ओरडले. “निजामाच्या जमान्यातली हाडं आहेत माझी, तू बेफिकर राहा. ती बाटली दे इकडं.” मी निमूटपणे दिली. पुढच्या आठवड्यात ती झोपेतच गेली...

आत्याला बाटल्यांचा नाद उशिरा लागला. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, नावाजलेले वकील. काचबिंदूनं त्यांची दृष्टी पूर्ण गेली, त्याच वर्षी तिनं शेजारपाजारच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला सुरुवात केली. शरबताच्या, सॉसच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या रेड्डींनी लाजत लाजत आणून दिलेल्या ‘तसल्या’सुद्धा. स्पिरिटमध्ये भिजवलेला दोरा बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळायची, पेटवायची आणि बाटली थंड पाण्यात बुडवायची. गळा टक्कन सुटा व्हायचा. मग कड घासून, बेगम बाजारातून आणलेल्या सुती दोरीच्या जाळीत ती बाटली टांगायची, आत पाणी आणि एखादी हिरवी फांदी. घरभर ह्या झुलत्या फुलदाण्या! नातेवाईक चेष्टा करत, “वकीलसाहेबांना तर दिसत नाही, मग ही सजावट कुणासाठी?” आत्या ठणकावून सांगायची, “त्यांच्यासाठीच.” आम्ही सगळे हसायचो. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे आम्हाला ठाऊक होतं.

तेरावा झाला आणि खरा प्रश्न पुढे आला. आत्याचा मुलगा शिरीष बंगळुरूला असतो. त्याला वडिलांना घेऊन जायचं होतं, आणि आतोबा घर सोडायला अजिबात तयार नव्हते. “एकटे कसे राहाल, बाबा?” “राहीन की. सगळं घर पाठ आहे मला.” शिरीषनं तरी तिकीट काढलंच. दरम्यान त्याच्या बायकोनं, मधुरानं, फार प्रेमानं सगळ्या बाटल्या उतरवल्या, लख्ख धुतल्या आणि बाल्कनीत एका ओळीत टांगल्या. दिसत होत्या सुरेख.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा चहा करायला उठले आणि थेट न्हाणीघरात शिरले. बाहेर आले, भिंतीला हात लावून पॅसेजमध्ये उभे राहिले. माझा जीव कळवळला. शिरीष माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “बघितलंस ना, ताई?” तेवढ्यात आतोबांनी विचारलं, “सूनबाई, पुदिना कुठं गेला?”

मग सगळा उलगडा झाला. स्वयंपाकघराच्या दारात पुदिना, न्हाणीघराशी ओव्याची पानं, देवघराशी तुळस, बाहेरच्या दाराला गवती चहा. जाता-येता खांदा लागेल, पान हलेल आणि वास येईल, अशा बेतानं आत्यानं प्रत्येक बाटली टांगली होती. घरातली वाटीसुद्धा जागेवरून सरकवायची नाही तशी बाटलीही सरकवायची नाही, असा तिचा दंडक का होता, ते तेव्हा कळलं. “कुणाला सांगू नका म्हणायची,” आतोबा म्हणाले. “लोक कीव करतात, ते नक्को.”

मधुरा रडवेली झाली होती, पण स्टुलावर तीच चढली. आतोबा सांगत गेले, आम्ही टांगत गेलो. मग ते उठले, नाक किंचित वर करून चालत स्वयंपाकघरात गेले आणि आम्हा सगळ्यांसाठी चहा केला. उत्तम झाला होता. शिरीषनं कप रिकामा केला आणि वडिलांचं तिकीट रद्द केलं.

“पलंगाशी कुठली बाटली होती, आतोबा?” मी शेवटी विचारलं.

“तिथं नव्हती. तिथं ती स्वतः असायची ना...”

चिक्कडपल्लीला माझ्या घरी आल्यावर मी स्वतः एक बाटली कापायला घेतली. कड वाकडीतिकडी तुटली. घासून घासून गुळगुळीत केली, आत मरवा घातला, आत्याच्या गजऱ्यात असायचा तो, आणि मलकपेठला नेऊन आतोबांच्या उशाशी टांगली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं नि म्हणाले, “कुमुदनं पुन्हा नव्यानं करायला लावली असती.”

तरी रोज सकाळी पाणी बदलताना ते सुरुवात त्याच बाटलीपासून करतात.