ढकललेली गाडी

"पण बाबा, गाडीला हात लावायचाच कशाला?" सून वैतागून म्हणाली.

"मागे एक बाई अडकली होती. तिला तशीच ठेवू?"

सासरे बाजारातल्या वाहनतळावर ढकलकाका म्हणून ओळखले जात. जागा अपुरी, म्हणून लोक दुसऱ्याच्या गाडीपुढेच, हँडब्रेक न लावता गाडी सोडून जात आणि काका ती खांद्याने ढकलून मागच्याला वाट करून देत. आता तिथे कॅमेरे आले, जागा मोबाइलवर मिळू लागली. ही नवी पद्धत ग्राहकांना समजावून सांगायला काकांनाच ठेवलं होतं. काल त्यांनी सवयीने एक गाडी जागेवरून पुढे वाटेत रेटली. यंत्राला जागा रिकामी दिसली, त्याने तिथे दुसरी गाडी पाठवली आणि ती वळताना वाटेतल्या गाडीवर आदळली. ती चालवणाऱ्या मुलीचं मनगट मोडलं. आता साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा हात लावणार नाही असं कबूल करा, नाहीतर घरी बसा.

"नुसतं हसून बोलायचं, तेवढंही जमत नाही?" मुलगा म्हणाला. त्याचं स्वतःचं काम महिन्यापूर्वी सुटलं होतं.

"अडकलेल्या माणसाकडे बघून हसू?"

"हसा की!" काकांची बायको म्हणाली. "इतकी वर्षं घरात कुणाकडे बघून हसलात, आता तिथे तरी हसा."

सून हसली, पण काका हसले नाहीत. त्या मुलीने मनगट धरून मारलेली किंकाळी त्यांच्या कानातून जात नव्हती. ताट बाजूला सारून ते उठले.

"उद्या साहेबांना सांगतो, गाडीला हात लावणार नाही. कुणी कितीही अडकलं तरी."