पाकिटावरचा माणूस

सिगारेटच्या पाकिटावरचा तो गळ्याला गाठ आलेला माणूस कोण? टपरीवर विचारलं, स्टँडवर विचारलं, शेवटी डॉक्टरांनाही विचारलं. कुणीच सांगितलं नाही.

आम्ही कशेळे-कर्जत जीप चालवणारे. गाडी भरेपर्यंत बसायचं, चहा प्यायचा, सिगारेट ओढायची. त्यामुळे किस्से साठत जातात, आणि त्यातले निम्मे पाकिटाचेच. माझा मोठा भाऊ, संतोषदादा, जाऊन महिना झाला. त्याच्याशिवाय सांगायला बसलं की मध्येच थांबायला होतं. तरी सांगतो.

*

पाकिटावर नवीन चित्र आलं तेव्हाची गोष्ट. दादाने मला टपरीवर पाठवलं. मी आणलेलं पाकीट त्याने नीट पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"हा नको रं. जुना माणूस आण. तो वळखीचा हाय."

टपरीवाल्या वहिनींनी जुन्या मालातून शोधून दोन पाकिटं काढून दिली. दादा खूश!

*

आमच्यातला किसन मात्र पाकीट घेतच नाही. ते चित्र बघून त्याला मळमळतं. तो सुटी सिगारेट घेतो. दिवसभरात पाकीटभर होतातच, पण एकेक करून.

"सुटीवर कुठं काय छापलंय?" असं तो आम्हाला धूर सोडत समजावतो.

*

बाळूकाका स्टँडवर सगळ्यात जुने. पाकीट उलटं ठेवलं तरी मागे तेच चित्र, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना देवीचे स्टिकर लावले. चित्र गेलं. पण पाकीट रिकामं झालं आणि काका अडकले. देवी रस्त्यावर कशी टाकणार? कुणाचा पाय पडला तर?

रिकामी पाकिटं डॅशबोर्डवर ओळीने उभी राहिली. एकदा काकी पुढच्या सीटवर बसायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"एवढ्या देवी बसवल्यात, आता माणसं कुठं बसवणार?"

*

एकदा दादाच्या शेजारी आजोबांबरोबर एक लहान मुलगी बसली. समोरच्या पाकिटाकडे बघत तिने विचारलं, "काका, याला दवाखान्यात नेला का?"

दादा म्हणाला, "नेला."

"मग बरा झाला?"

दादाने गिअर बदलला. हे त्यानेच मला सांगितलं. सांगता सांगता सिगारेट पेटवली.

*

मग दादाचा आवाज बसला. "कर्जत, कर्जत" ओरडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. आता त्याच्या गाडीसाठी बाळूकाका ओरडायचे. रस्त्याच्या धुळीने झालं असेल म्हणत आम्ही चार महिने घालवले.

मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फाइलीसाठी त्याच्या गळ्याचा फोटो काढला. तोवर दादाला अजिबात बोलता येत नव्हतं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी चौथीत शाळा सोडलेली, अक्षराला अक्षर लावून वाचतो. शेवटपर्यंत पोचायच्या आत तो हसायला लागला होता.

लिहिलं होतं, "पुढच्या पाकिटावर माझा नंबर."

मला हसू आलं नाही. मी खाली गेलो आणि गेटबाहेर उभं राहून सिगारेट ओढून आलो.

*

दवाखान्याच्या कागदांसाठी दादाचे पासपोर्ट फोटो काढले होते. आठातले दोन लागले, सहा उरले. फोटोत त्याने केस पाणी लावून विंचरलेत, नवा शर्ट घातलाय. ते सहाही मी शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो.

परवा स्टँडवर पाच गाड्या लायनीत होत्या, माझी धरून सहा. दादाचीच जीप आता मी चालवतो. सगळे चहाला गेले होते, पाकिटं डॅशबोर्डवर. मी दुकानातून गोंद आणला आणि गाडी गाडी करत निघालो. चार पाकिटांवर चार फोटो लावले. बाळूकाकांचं पाकीट नवंच होतं, त्याला देवी अजून लागली नव्हती. किसनकडे पाकीट नव्हतंच, त्याच्या लायटरवर लावला.

बाळूकाका चहा पिऊन आले. सिगारेट काढायला पाकीट उचललं आणि अंगठा तिथेच थांबला. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पाकीट उघडलं नाही. ते देवींच्या ओळीत नेऊन ठेवलं.

एक फोटो उरला होता. माझ्या पाकिटात दोन सिगारेटी होत्या. त्यावर तो लावला, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या आणि खाली उतरून ओरडायला लागलो, "कर्जत, कर्जत."