भामरेभाऊंपर्यंत न पोहोचलेला निरोप

भामरेभाऊ गेल्याचं मला त्यांच्या दहाव्यानंतर कळलं. इंदिरानगरच्या भाजीबाजारात त्यांची सून भेटली. मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाली, "बाई, बाबा गेले. झोपेतच. तुमचा नंबर शोधला, पण सापडला नाही..." त्यांना शेवटचं भेटून मला दीड वर्ष झालं होतं. एकाच शहरात, रिक्षाने वीस मिनिटांच्या अंतरावर राहून. आता त्यालाही दोन महिने उलटले.

सुकदेव भामरे मूळचे नामपूरचे. सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कानही गेले. नव्वदच्या दशकात आमचा दहा-बारा जणांचा गट दर रविवारी पक्षी पाहायला निघायचा. त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, मी शाळेत मराठी शिकवणारी. पण दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी पक्षी ओळखायचे ते भामरेभाऊ. शेपटीच्या एका झटक्यावरून, उडण्याच्या लयीवरून. आवाज मात्र त्यांना ऐकू यायचा नाही. मग माझ्या तोंडाकडे बघत आपल्या अहिराणीत विचारायचे, "काय म्हनस तो?" मी हळूहळू, ओठ स्पष्ट हलवत सांगायची, कोरड्या रहाटाचं चाक फिरावं तसं म्हणतोय, किंवा कुणी दुरून शीळ घालून थांबावं तसं. ते डोळे मिटून ते ऐकायचे. हो, ऐकायचेच. मी आयुष्यात इतकं जपून कुणाशी बोलले नाही.

निफाड तालुक्यातल्या एका गावात रस्त्याकडेला सात जुन्या चिंचा होत्या. त्यांवर दरवर्षी रंगीत करकोचे घरटी करायचे. खाली विष्ठेचा सडा, कुजक्या माशांचा वास. गावकरी वैतागलेले. शिवाय रस्ता रुंद व्हायचा होता. भामरेभाऊ दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक रविवारी त्या गावात गेले. भाषण त्यांना जमायचं नाही. झाडाखालच्या घरात गयाबाई नावाची बाई राहायची, तिच्या अंगणात खराटा घेऊन ते स्वतः झाडून काढायचे. गयाबाई म्हणायची, "घान लय करत्यात, पन पाव्हनी हायेत. जातील आपली." हळूहळू गाव निवळलं. सरपंचांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "पिल्लं उडोस्तर झाडाला हात लागनार नाय." त्या दिवशी परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीशी बसून एकटेच हसत होते.

दिवाळीनंतरचे दिवस होते. घरट्यांतून पिल्लांच्या माना वर दिसू लागल्या होत्या. एका दुपारी शाळेत माझ्यासाठी फोन आला. गयाबाईचा मुलगा बोलत होता. "बाई, उद्या झाडं तोडाया येनार हायेत. भाऊंना सांगा. त्यांना फोनवर काय ऐकू येत नाय." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती, धड्यांच्या टाचणवह्या अपुऱ्या होत्या. मनाशी म्हटलं, सरपंचांनी शब्द दिलाय, अफवा असेल. उद्या संध्याकाळी जाऊन सांगू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भामरेभाऊंच्या दारात मी उभी राहिले, तेव्हा चिंचा पडून सहा तास झाले होते. निरोप आदल्या दिवशीच आला होता, हे मी सांगितलं नाही. "आत्ताच कळलं," एवढंच म्हणाले. आम्ही मिळेल त्या जीपने गेलो. फांद्यांखाली चिरडलेली पिल्लं होती, काही जिवंत होती. जिवंत होती ती भाऊंनी पोत्यांत घालून घरी आणली, बाल्कनीत ठेवली. त्यांच्या बायकोने, भाभींनी, मासे चिरून दिले. तेवीस होती. रोज दोन-तीन मरत गेली. उरलेली भुकेने आणि भीतीने कर्कश ओरडत होती, शेजारीपाजारी दारं लावून घेत होते. भाऊंनी मला विचारलं, "ओरडतात का?"

"नाही. शांत आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पिल्लांकडे बघतच म्हणाले, "चोची तर उघडताना दिसतात, बाई."

नवव्या दिवशी बाल्कनी रिकामी झाली. रविवारी भाऊ आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत. त्यांच्याशिवाय गटही विस्कटला. मी अधूनमधून त्यांच्याकडे जायची, चहा घ्यायची. सांगायचं ठरवून जायची आणि न सांगता परतायची. मग जाणंच कमी होत गेलं.

गेल्या आठवड्यात एकटीच त्या गावात गेले. रस्ता रुंद झाला आहे. द्राक्षांचे ट्रक धूळ उडवत जातात. गयाबाईच्या अंगणात आता दिवसभर ऊन असतं. तिने मला ओळखलं आणि विचारलं, "बहिरे भाऊ नाय आले?" मग कळलं की भाऊ इतकी वर्षं तिथे जात होते. दर पावसाळ्यात चिंचेची रोपं लावायचे. काही शेळ्यांनी खाल्ली, बाकीची रस्त्याच्या कामात गेली. एकही जगलं नाही.

मी सांगितलं, भाऊ गेले. म्हातारी म्हणाली, "माझ्या पोरानं त्यांना पहिल्याच वर्साला सांगितलं व्हतं, बाईंना आदल्या दिशी फोन केलता म्हनून. तर म्हनले, बाईंची शाळा असती. आन् उठून रोपाला पानी घालाया गेले."

म्हणजे ते सगळे चहा त्यांनी हे माहीत असताना माझ्यासमोर बसून घेतले होते. माझ्या ओठांकडे बघत.

त्यांनी माफ केलं असेल, असं घरचे मला समजावतात. मला तसं वाटत नाही. ते वाट बघत असावेत. मी बोलले असते तर त्यांना कळलं असतं, माझे ओठ त्यांना वाचता येत होते.

गयाबाईच्या भिंतीला टेकवून एक गोणपाट ठेवलेलं होतं, घडी घातलेलं. भाऊ आले की ती ते ओट्यावर अंथरायची. तिने ते उचललं, झटकलं आणि माझ्यासाठी अंथरलं. "बसा बाई," म्हणाली. मी उभीच राहिले.