दोन झोळ्या, एक परात

आमच्या गावाबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, त्यातली एकवीस याच गावात, आणि आता माझी खात्री झाली आहे की ती सगळी पालथ्या घड्यावर पाणी होती. राग ओसरला की लिहू म्हणून वर्षभर थांबलो. राग ओसरला, पण त्याच्या जागी किळस येऊन बसली. ती काही जाईना, म्हणून लिहायला बसलो.

लिहायचं आहे मल्हारीबुवांबद्दल.

खांबेवाडी हे आमचं गाव नरसी नामदेवच्या बाजूला आहे. गाव संपतं तिथं पत्र्याच्या तीन खोल्या आणि पुढं एक मंडप. ती आमची वारकरी शाळा. एकतीस पोरं तिथं राहतात, दिवसा गावच्या शाळेत शिकतात आणि सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, गायन, मृदंग. सरकारी अनुदान नाही, फी नाही. ज्या महाराजांनी शाळा काढली ते करोनात गेले. तेव्हापासून शाळा ओढली ती एकट्या बुवांनी. मी संस्थेचा सचिव, म्हणजे दाखवाल तिथं सही करणारा म्हातारा.

बुवा जातीनं धनगर. सोळाव्या वर्षापर्यंत बापाच्या मेंढरांमागं हिंडले. एकदा कळप याच शाळेच्या शेजारी थांबला होता आणि आत मृदंग चालला होता. पोरगं ऐकत उभं राहिलं, आणि मेंढरं एकाच्या हरभऱ्यात शिरून अर्धा तुकडा साफ करून बसली तरी याला पत्ता नाही. हरभऱ्याच्या मालकानं बडव बडव बडवलं. दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन पोरगं पुन्हा दारात हजर. महाराजांनी ठेवून घेतलं. ते मग चाळीस वर्षं तिथंच राहिलं. लग्न नाही, जमीन नाही. तंबाखू तेवढी खायचे आणि ती पत्र्याच्या खाचेत लपवायचे. ती खाच सगळ्या पोरांना माहीत होती.

शिकवताना माणूस कडक. ठेका चुकला की उपरण्याचा फटका बसायचा. "देव सम चुकवत न्हाई, तुमी काहून चुकवून राहिले?" एवढाच त्यांचा देवाधर्मावरचा उपदेश. प्रवचन त्यांना जमत नसे. बोलायला उभं केलं की घाम फुटायचा.

पण शाळेचा खरा धडा मृदंगाचा नव्हताच, भाकरीचा होता. रोज सकाळी पोरं चौघं-चौघं मिळून माधुकरी मागायला गावात जायची. दारात उभं राहून "माधुकरी वाढा माय" म्हणायचं, बाई जे देईल ते झोळीत घ्यायचं. कुठं ज्वारीची भाकर, कुठं पोळी, कुठं शिळा तुकडा. सगळ्या झोळ्या आल्या की सत्यभामाबाई, म्हणजे शाळेत स्वयंपाक करणारी विधवा बाई, त्या एका मोठ्या पितळी परातीत उपड्या करायच्या. मग बुवा स्वतः हात धुऊन बसायचे आणि सगळ्या भाकरींचे तुकडे करून कालवायचे. पाटलाची, धनगराची, माळ्याची, बौद्धवाड्यातली, तांड्यावरची, सगळी एक. वर वरण ओतायचं आणि वाढायचं. कुणाच्या ताटात कुणाची भाकर आली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. महाराजांनी घालून दिलेला हा एकच नियम होता. बुवा म्हणायचे, मृदंग येवो न येवो, एवढं आलं तरी पोरगं शिकलं.

मग आरक्षणाचं आलं.

कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, यात मी शिरत नाही. दोन्हीकडं पोटं आहेत आणि दोन्हीकडं शिकून रिकामी बसलेली पोरं आहेत, हे मला दिसतं. पण वाद मागण्यांचा होता तो माणसांचा कसा झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या वरच्या आळीत मराठे, खालच्या आळीत धनगर, वंजारी, माळी. दिवाळीपर्यंत वरच्या आळीनं खालच्या आळीच्या दुकानातून काडीपेटी घेणं सोडलं. खालच्या आळीनं वरच्याच्या गिरणीत दळण टाकणं सोडलं. न्हाव्याला पंचाईत पडली की आधी कुणाची हजामत करावी. ज्यांच्या बापांनी एका ताटात जेवून दिवस काढले, ती पोरं मोबाइलवर एकमेकांच्या आया काढायला लागली. आणि हे सगळं कपाळाला अष्टगंध लावून.

शाळेला बाहेरून येणारं सगळं थांबलं. हिंगोलीचे एक हळदीचे व्यापारी दरवर्षी तूरडाळीचे कट्टे आणि तेलाचे डबे पाठवायचे. बुवा आणि मी एसटीनं त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "बुवा, तुमच्या शाळेत पोरं कुणाची जास्ती हायत?"

बुवांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "पोरं इठ्ठलाची हायत मालक."

"ते बराबर हाय. पण यादी आणा."

यादी नेली नाही आणि डाळही आली नाही. दुसऱ्या बाजूच्या एका देणगीदारानंही तेच विचारून हात झटकले. कार्तिकात तर मृदंगाच्या डाव्या बाजूला लावायची कणीकही पोरांनी मोजून घ्यायची आणि वाजवून झालं की काढून भाकरीच्या पिठात मिसळायची, असं चाललं होतं. उरली होती फक्त माधुकरी.

तीही लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली. वरच्या आळीचा पुढारी शिवप्रसाद, हा माझा सख्खा पुतण्या. तो एक दिवस मंडपात येऊन म्हणाला, "बुवा, आमच्या बायका भाकरी थापणार आन् खाणार कोण, तर आमाला शिव्या देणाऱ्यांची पोरं. हे न्हाई चालणार." दुसऱ्याच दिवशी खालच्या आळीचा लिंबाजी आला. हा बुवांचा चुलतभाऊ. तो म्हणाला, "आमच्या लेकरांना त्यायची भाकर नगं. आमी भिकारी न्हाई." दोघांनाही मी खांद्याला खांदा लावून एका वर्गात बसवलं होतं. उत्तरं चोरायचे तीही एकमेकांचीच.

माधुकरी बंद झाली. दोन दिवस पोरांनी पातळ पिठलं खाल्लं. तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंनी डबा उलटा करून दाखवला.

तेव्हा शहाणपण सुचलं ते मला. मी म्हणालो, "बुवा, दोन झोळ्या करा. वरच्या आळीची पोरं वरच्या आळीत मागतील, खालची खालच्या. दोन पराती ठेवा. चार दिवसांनी निवळेल सगळं."

बुवांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं उपरण्याचा फटका आता मला बसणार. पण एकतीस पोरं समोर होती. रात्रभर विचार करून सकाळी ते हसत आले. "गुरुजी, झोळ्या दोन करू. पराती बी दोन ठिवू. पन आत सैपाकघरात, दार लावून, मी सगळं एकच कालवतो. मंग त्याच्यातलंच अर्धं हिकडं, अर्धं तिकडं. गावाला काय कळतंय?"

मला ही युक्ती फार आवडली. आम्ही दोघं म्हातारे त्या दिवशी शाळकरी पोरांसारखे हसलो. गावाला बनवलं म्हणून.

चार महिने ते चाललं. दोन झोळ्या यायच्या, दार लागायचं, बुवा आणि सत्यभामाबाई सगळं एकत्र करायचे, आणि बाहेर दोन पराती यायच्या. पोरांना यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण पोरांच्या पोटात काही राहत नाही. आधी पोरं मिसळून बसायची. मग परात लांब पडते म्हणून दोन ओळी झाल्या. मग मी एकदा वरच्या आळीतल्या एका पोराला म्हणताना ऐकलं, "आमची भाकर गोड लागती, त्यायची कडू हाय." खालच्या ओळीतून उत्तर आलं, "तुमच्यात राख असती." एकाच परातीतली भाकर! मी बुवांना सांगितलं आणि आम्ही पुन्हा हसलो. आज ते हसू आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

होळी झाली. शिवारात हळद शिजायला लागली. सत्यभामाबाईंच्या सुनेनं, शिवकन्येनं, गिरणीवर बोलता बोलता स्वयंपाकघरातलं गुपित उघडं पाडलं. मुद्दाम नाही. सासूचं कौतुकच करत होती बिचारी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी शिवप्रसाद आणि लिंबाजी दोघंही आपापली माणसं घेऊन मंडपात हजर. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघं या एका गोष्टीवर एक झाले होते. गावातलं हे पहिलं एकमत, आणि ते भाकरी वेगळी ठेवण्यावर.

बुवा बाहेर आले. मला वाटलं गयावया करतील. त्यांनी दोन्ही पराती तशाच ठेवल्या, आतून ती जुनी पितळी परात आणली आणि दोन्ही झोळ्या सगळ्यांसमोर तिच्यात उपड्या केल्या. खाली बसले, तुकडे केले, वरण ओतलं, कालवलं.

"पाहा," ते म्हणाले. "रोज असंच करतो. आज दार उघडं हाय, येवढाच फरक. ज्याला न्हाई पटत त्यानं उद्यापून भाकर देऊ नये. शाळा बंद पडली तर पडली. पन परात येकच ऱ्हाईल." मग पोरांकडं वळून म्हणाले, "बसा रे. भूक लागली असंल."

एकही पोर बसलं नाही.

बुवांना वाटलं पोरं मोठ्यांना भिऊन राहिली आहेत. त्यांनी भारतला हाक मारली. भारत बारा वर्षांचा, खालच्या आळीचा, बुवांच्याच भावकीतला. मृदंगात सगळ्यांत पुढं. बुवा म्हणायचे, माझ्यामागं शाळेचा मृदंग हाच सांभाळील.

"भारत, ये बाबा. तू बस, मंग सगळे बसतील."

भारत म्हणाला, "बुवा, ह्याच्यात त्यायची बी हाय ना."

"आरं येड्या, चार महिने हेच खाऊन राहिला तू! रोज!"

भारतनं परातीकडं पाहिलं, मग बुवांकडं. त्याचं तोंड वाकडं झालं. तो पळत नळावर गेला, वाकला आणि घशात दोन बोटं घालून ओकायला लागला. पोटात काही नव्हतं, सकाळपासून उपाशीच होता. तरी ओकत होता. तिकडं वरच्या आळीच्या ओळीतली दोन पोरंही थुंकायला लागली. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं.

शिवप्रसाद लिंबाजीकडं पाहून हसला आणि लिंबाजीही हसला. त्यांना पुढं काही करायची गरजच उरली नाही.

बुवा परातीपुढं तसेच बसून राहिले. मग एकटेच खायला लागले. एकतीस पोरांची परात आणि एक माणूस. घास चावायचा, गिळायचा, पुन्हा हात घालायचा. सत्यभामाबाई तेवढ्या येऊन शेजारी बसल्या आणि तोंडाला पदर लावून दोन घास खाऊन उठल्या. त्यांना रडूच आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आपापल्या झोळ्या घेऊन आपापल्या आळीत गेली. बुवा शाळा सोडून गेले होते. आता ते पुसेगावकडं भावाच्या मेंढरांमागं असतात, असं ऐकतो. भेटायला मी गेलेलो नाही.

शाळा बंद पडली नाही. पडेल कशी? बुवा गेल्यावर महिन्याभरात वरच्या आळीनं आपल्या पोरांसाठी शेड बांधली, तर खालच्या आळीनं ईर्ष्येनं स्लॅब टाकला. हिंगोलीची डाळ पुन्हा यायला लागली, तीही दोन ठिकाणांहून, वेगवेगळ्या कट्ट्यांत. दोन स्वयंपाकघरं आहेत, दोन मृदंग आहेत. पोरं गुबगुबीत झाली आहेत. हरिपाठ तेवढा एकत्र होतो, कारण ध्वनिक्षेपक एकच आहे. लोक येऊन म्हणतात, गुरुजी, संस्था नावारूपाला आणली. मी मान हलवतो आणि दाखवतील तिथं सही करतो.

एक गोष्ट मी वर गाळली होती, ती आता लिहितो. बुवा एकटे जेवत होते तेव्हा त्यांनी मान वर करून मला हाक मारली होती. "गुरुजी, या. दोन घास घ्या." परातीच्या कडेला त्यांनी हातानं माझ्यासाठी जागा केली होती. शिवप्रसाद माझ्याकडं पाहत होता. सगळी पोरंही पाहत होती, कारण मी गुरुजी होतो.

मी म्हणालो, "बुवा, माझा आज उपास आहे."

"व्हय, असंल," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली मान घालून खायला लागले. त्या दिवशी बुधवार होता. मी जन्मात कधी बुधवार धरलेला नाही.