न फिरलेलं पुढचं चाक

पायाला भिंगरी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. धारकाकांची तऱ्हा उलटी. त्यांचे पाय जन्मभर फिरले आणि काका मात्र होते तिथेच राहिले.

शिंप्यांच्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. तिथे एक काळी सायकल दुहेरी स्टँडवर कायमची चढवलेली. मधल्या दांडीवर लोखंडी पकडीत बसवलेला धारेचा दगड, आणि मागच्या चाकाला जोडलेल्या जादा कडीवरून त्या दगडापर्यंत गेलेला चामडी पट्टा. काकांनी सीटवर बसून पायडल मारलं, की मागचं चाक हवेत फिरायचं, दगड गरगरायचा आणि कात्रीच्या पात्यातून ठिणग्यांची बारीक शेपटी निघायची. पुढचं चाक तेवढं एका फळीवर गप्प बसलेलं असायचं. त्याला कुणी कधी कामच सांगितलं नव्हतं.

पण काका जागेवर असायचे हे तुमचं-आमचं म्हणणं. त्यांना विचाराल तर ते रोज कोसच्या कोस जाऊन यायचे. लहान कात्री आली की रस्ता सपाट, दुतर्फा झाडं. खाटकाचा सुरा आला की घाट लागला, मांड्या भरून यायच्या. न्हाव्याचा वस्तरा म्हणजे उतार, नुसतं बसून राहायचं. आणि शेजारच्या दुकानातल्या शिंपी मास्तरांची कापड कापायची मोठी कात्री आली, की काका नदीकाठच्या रस्त्याला लागायचे. तिथे सकाळचं धुकं असायचं, पाण्यावर एखादी नाव असायची. पुढे एक वळण होतं. त्या वळणापाशी नदी इतकी रुंद व्हायची की पलीकडचा काठ दिसेनासा व्हायचा. नेमक्या त्याच ठिकाणी कात्रीला धार यायची आणि काकांचे पाय थांबायचे.

संध्याकाळी घरी गेलं की काकू विचारायच्या, "आज कुठवर गेला होतात?"

काका हातपाय धुता धुता सांगायचे. नदीचं पाणी आज गढूळ होतं, वळणावरचं झाड वठलंय. काकू भाजी निवडत ऐकायच्या.

"आणि वळणापलीकडे काय आहे हो?"

"मधेच गिऱ्हाईक आलं."

"त्यांना काय मेलं तेव्हाच यायचं असतं!" काकू म्हणायच्या. त्या गिऱ्हाइकांना त्यांनी कधी माफ केलं नाही. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत ही दोघं आणि ती नदी.

आता काकांची झाकली मूठ उघडतो. काकांना सायकल चालवता येत नव्हती. पायडल मारण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, कुणी धरला नसता. पण तोल? तो कधी सांभाळावाच लागला नव्हता. सायकलही त्यांना शोभेल अशीच मिळाली होती. औषधाच्या दुकानाच्या मालकानं ती नवी कोरी घेतली, पहिल्याच कोपऱ्यावर पडला, आणि दुसऱ्या दिवशी तरण्या काकांना विकून मोकळा झाला. काकांनी ती खांद्यावर घालून आणली आणि स्टँडवर चढवली. कुणी म्हटलं, काका, जरा चक्कर मारून या की, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "ही कामाची सायकल आहे, हुंदडायची नाही." नाचता येईना, अंगण वाकडं. पण रोज सकाळी दोन्ही चाकांत हवा भरायला ते चुकायचे नाहीत. कधीतरी आतल्या ट्यूबाही बदलून घ्यायचे. प्रवासाला निघायचं म्हणजे चाकात हवा हवी, असं त्यांचं म्हणणं.

एके दिवशी मास्तरांकडे कोटाचं माप द्यायला एक गृहस्थ आले. टापटीप, मऊ बोलणारे. माप देऊन बाहेर पडले ते जिन्याखाली थबकले. मग त्यांनी हातातली छत्री भिंतीला टेकवली आणि त्या धुळीत चक्क गुडघे टेकले. पुढच्या टायरवरून त्यांनी अंगठा असा फिरवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतो.

"ही खाली कधी उतरवली होती?" त्यांनी विचारलं.

"उतरवायची कशाला?" काका म्हणाले. त्यांना वाटलं, आता हा म्हणणार, चालवून दाखवा.

गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या घरी जुन्या सायकलींनी भरलेलं एक दालन होतं. ते सांगू लागले, की ह्या बनावटीच्या सायकली फार थोड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक झिजून, मोडून, भंगारात गेल्या. उरल्यात त्यांचे टायर केव्हाच बदललेले. "मूळचे टायर, वरच्या रेघासुद्धा शाबूत, अशी मी अजून एकही पाहिली नाही. पुढचं चाक तर जणू कालच पेटीतून काढलंय. ही कुठे गेलीच नाही, हीच हिची किंमत आहे, काका."

मास्तर गळ्यातल्या टेपसकट बाहेर आले होते. "म्हणजे किती?" त्यांनी काकांच्या वतीनं विचारलं.

"माझ्या जाणकार मित्राला रविवारी घेऊन येतो. त्यानं खात्री दिली, तर काकांनी उरलेलं आयुष्य पाय पसरून बसावं, एवढी. फक्त एक करा." गृहस्थांनी काकांचे दोन्ही हात धरले. "तोवर हिला जमिनीला लावू नका. रबर जुनं आहे, वाळलंय. एक फेरी मारलीत तरी संपलं."

ते गेल्यावर मास्तरांना धीर निघेना. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! जन्मभर खजिन्यावर बसलात आणि सुऱ्या घासत राहिलात!"

काकांनी मास्तरांची मोठी कात्री उचलली, दगडाला लावली आणि पायडल मारलं. त्या दिवशी नदी आलीच नाही. समोर भिंत होती, भिंतीवर ओल होती, आणि कानात एकच वाक्य घुमत होतं. ही कुठे गेलीच नाही. सायकलीबद्दल बोलला होता तो माणूस, पण काकांना ते वर्मी लागलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. काकूंच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"अगंबाई! मग आपण खरंच जाऊ या की. तुमच्या त्या नदीला."

"ती नदी नाहीये गं कुठे."

"ते मला ठाऊक आहे. दुसरी बघू. नद्यांना काय तोटा!"

काका उंबऱ्यात बसले. त्यांना एकदम भरून आलं. सायकल रविवारी जाणार, काचेच्या दालनात उभी राहणार, आणि लोक सांगणार की बघा, ही कधी कुठे गेली नाही. आपण मेल्यावर आपल्याबद्दलही हेच सांगतील. त्यांना एकदा, फक्त एकदा, त्या सायकलवर बसून खरंच पुढे जायचं होतं. भिंत मागे पडताना बघायची होती. आणि ते त्यांना येत नव्हतं.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला सायकल येत नाही."

काकू हसल्या. अशा हसल्या की भाजीचं ताट मांडीवरून घसरलं. "अहो, हे मला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक आहे. सायकल शिकलेल्या माणसाच्या गुडघ्यावर खूण असतेच असते. तुमचे गुडघे तान्ह्या बाळासारखे कोरे!"

"म्हणजे तुझ्या गुडघ्यावरची..."

"पायरीवरून पडले होते, असं सांगितलं होतं. पायरी कसली! वडिलांची सायकल. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले. नंतर बऱ्यापैकी हाणायचे मी."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही मला रोज एवढं लांब फिरवून आणायचात," काकू विखुरलेली भाजी गोळा करत म्हणाल्या. "मधेच ब्रेक कशाला लावायचा?"

रविवारी अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा दोघं गल्लीत आली. दुकानं बंद होती. काकांनी दगड उतरवला, पट्टा सोडला, दोन्ही चाकांत हवा भरली. मग ते सायकलीचं हँडल धरून नुसते उभे राहिले.

"बघा हं," काकू म्हणाल्या. "एकदा खाली घेतली की भाव गेला. मग बसा पुन्हा सुऱ्या घासत. मला चालेल. पण नंतर हळहळायचं नाही."

"हळहळणार," काका म्हणाले. "पण ही तशीच गेली तर जास्त हळहळेन."

त्यांनी स्टँडला पाय लावला. खट्‌ असा आवाज झाला आणि सायकल जमिनीवर आली. ती एवढी हलकी आहे हे काकांना माहीतच नव्हतं.

काकू पायरीवर चढून सीटवर बसल्या. काका मागे कॅरिअरवर, दोन्ही हातांनी सीटची खालची स्प्रिंग गच्च धरून. पहिली काही हातांची वाट सायकल दारू प्यायल्यासारखी चालली. काकू स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या, हँडल दोनदा हिसडलं, आणि मग कुठल्याशा क्षणी सायकलला आठवलं की आपण सायकल आहोत.

काकांनी डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा भिंती चालू लागल्या होत्या. मास्तरांची पाटी आली, गेली. न्हाव्याचं दार आलं, गेलं. एक मांजर कठड्यावरून बघत होती, तीही मागे पडली. आपले पाय रिकामे लोंबकळतायत, आणि तरीही आपण पुढे जातोय, ह्याचं काकांना हसू येत होतं. आणि तोंडावर वारा येत होता. एवढे घाट चढले, एवढ्या नद्या पाहिल्या, पण प्रवासात वारा असतो हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. ते काही सगळं वाऱ्याचं नव्हतं.

"कुठवर आलो गं?" त्यांनी विचारलं.

"अजून गल्लीतच आहोत," काकू धापा टाकत म्हणाल्या. "धरून बसा. वळण येतंय."

गल्लीच्या टोकाला वळण होतं खरं. रोज पायी घेतलेलं. काकूंनी घंटी वाजवली, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आणि सायकल वळली. पलीकडे कालव्याचा कठडा होता, कठड्यामागे पाणी, आणि पाण्यावर नुकतं उतरलेलं धुकं. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

परत येताना पुढच्या टायरनं प्राण सोडला. आधी चिरा पडल्या, मग एक तुकडा सुटला, मग फुस्स झालं. उरलेली वाट त्यांनी सायकल हातात धरून आणली. काकांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांनी तो रबराचा तुकडा उचलून खिशात ठेवला.

गृहस्थ मित्राला घेऊन आले तेव्हा सायकल पुन्हा स्टँडवर होती आणि काकू शेजारी पायरीवर बसल्या होत्या. बघताक्षणीच त्यांचा चेहरा उतरला. मित्रानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. सायकल जुनी आहे, चांगली आहे, पण आता ती चार जुन्या सायकलींसारखीच.

"चालवलीत?" गृहस्थांनी विचारलं. रागानं नाही. एखाद्याच्या घरातलं कुणी गेल्यावर विचारतात तसं.

"हो."

त्यांनी त्या फाटक्या टायरवरून एकदा अंगठा फिरवला. मग छत्री उचलता उचलता, राहवेना म्हणून, हळूच म्हणाले, "कशी चालते हो?"

"मला काय विचारता?" धारकाका म्हणाले. "मी मागे बसलो होतो. हिला विचारा."

सोमवारी दगड पुन्हा पकडीत बसला आणि मास्तर कपाळावर हात मारून आपल्या दुकानात गेले. पुढच्या चाकाला नवा टायर आला, साधा, कुठेही मिळतो तो. संध्याकाळी काका शेवटची सुरी पुसत होते, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी काकू येऊन उभ्या राहिल्या. आज कुठवर गेला होतात, हे त्यांनी विचारलं नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "दगड उतरवा."